ही ओळ मोठी करा

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. गिऱ्हाइकाने समजावं की आज सुट्टी, आणि घरच्यांनी समजावं की वाकून आत या. वकीलबाई वाकल्या, पण पुरेशा वाकल्या नाहीत, आणि त्यांच्या काळ्या पर्सवर पिवळ्या रंगाची एक छान सरळ रेघ उमटली. शटरची कड ओली होती. धाकट्या भावाला, ठिपक्याला, तुरुंगात टाकल्यापासून दादाला रंगकामाचा उत्साह आला होता, आणि रंग ओला आहे हे कुणाला सांगून ठेवणं काही त्याच्या स्वभावात नव्हतं.

ताईने टर्पेंटाइनचं फडकं पुढे केलं. राहू दे, वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या घरातून बिनडागाचं बाहेर पडलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य आज जरा वेगळंच वाटलं. पण आईने ते हसण्यावारी नेलं.

"डाग धुता येतात हो," आई म्हणाली. "लावतंय कोण, ते बघायला हवं."

सगळे बोर्ड रंगवायच्या लांब टेबलाभोवती बसले. हात असलेली एकुलती एक खुर्ची आईची. दादा उभाच होता, एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवून. गिऱ्हाइकाशी घासाघीस करतानाही तो असाच उभा राहायचा. ताई तिच्या नेहमीच्या जागी, काउंटरच्या टोकाला, हाताशी खडूचं खोकं. आणि ठिपक्याची बायको डब्यांच्या फळीजवळच्या स्टुलावर, मांडीवर नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट घेऊन. जामिनाच्या दिवशी तुरुंगाच्या दारापाशी ती हाच शर्ट घेऊन उभी होती, आणि घडी न मोडता परत घेऊन आली होती.

तिला घरात सगळे रेडिओ म्हणत. तोंडावरसुद्धा. दिसेल ते ती मोठ्याने वाचायची: दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, सिनेमाची पोस्टरं, पुढ्यातल्या गाडीच्या मागे लिहिलेलं काहीबाही. लग्न होऊन आली तेव्हा ताईने आठवडाभर कौतुकाने ऐकलं आणि मग पुढची कित्येक वर्षं तिची टर उडवली. हिची बॅटरी कुणीतरी काढा रे, हा ताईचा विनोद घरात इतका मुरला होता की आता कुणी हसायचंही नाही. आत्ताही वकीलबाई कागद काढत होत्या तोवर रेडिओने हातातला डबा फिरवून वाचलंच.

"थंड व कोरड्या जागी ठेवा. वापरण्यापूर्वी नीट ढवळा."

ऐकायची ज्याला सवय, तो तिथे नव्हता. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे लक्ष दिलं नाही.

वकीलबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण आईला दर वेळी पहिल्यापासून ऐकायचं असायचं, मधेच कुठेतरी मुलगा सुटेल या आशेने. काचसामानाची खोकी रंगवायचं काम आलं. बोलणी दादाने केली, ब्रश ठिपक्याने चालवला. काही खोक्यांत काचेच्या भांड्यांखाली पांढरी पूड निघाली. खोकेवाला पसार झाला. पोलिसांना ब्रश सापडला, म्हणून त्यांनी ब्रशवाल्याला धरलं. न्यायाधीशांनी पुरावा बघून जामीन दिला, आणि तुरुंगाच्या दारातच सरकारने दुसरा कागद पुढे केला. स्थानबद्धता. हा माणूस बाहेर राहिला तर पुन्हा अमली पदार्थांच्या धंद्यात पडेल, म्हणून वर्षभर आतच ठेवायचा. त्याला खटला लागत नाही, साक्षीपुरावा लागत नाही.

"केलेल्याची शिक्षा ऐकली होती," आई म्हणाली. "अजून न केलेल्याची पहिल्यांदाच ऐकते आहे."

वकीलबाई म्हणाल्या की त्यांनाही वकील होईपर्यंत ते माहीत नव्हतं. पण एवढी मोठी सत्ता हातात घेताना कायद्याने सरकारच्या पायातही एक दोरी बांधून ठेवली आहे. तुला का धरलं, ती सगळी कारणं त्या माणसाला कळली पाहिजेत. नुसते कागद हातात कोंबून भागत नाही, त्याला समजले पाहिजेत, म्हणजे त्याला उलट उत्तर देता येईल. तेवढा एकच हक्क त्याच्याकडे उरतो. तो हुकला तर अख्खा आदेश कोसळतो. कित्येक जण एवढ्यावर सुटलेत की कागद त्यांना न येणाऱ्या भाषेत होते.

"मग?" दादाने विचारलं.

"मग काय, आपले कागद आपल्याच भाषेत आहेत." वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुसरे मुद्दे मी मांडलेत. आदेश काढायला उशीर केला, जामिनाचा विचार केला नाही. पण सरकारने सगळ्याला उत्तर दिलंय. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे, आणि खरं सांगते, माझ्या हातात फार काही नाही. वर त्यांनी ही पोच जोडलीय. कारणं मिळाल्याची. तुमच्या ठिपक्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय."

त्यांनी प्रत मधे सरकवली. दादा शिडीवरून वाकला, आणि महिनाभरात पहिल्यांदा हसला.

कागदाच्या तळाशी, बोर्डावर असावं तसं टपोरं, एकसारख्या जाडीचं, डौलदार अक्षर होतं. असं अक्षर त्या कचेरीत आजवर कुणी काढलं नसेल. लिहिलं होतं: *असे लिहा – मला सर्व कारणे वाचून समजली.*

"घ्या," दादा म्हणाला. "साहेबाने सांगितलं असे लिहा, हा पठ्ठ्या 'असे लिहा'सकट लिहून मोकळा. आत बसूनसुद्धा मस्ती जात नाही."

आईही हसली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. वकीलबाई म्हणाल्या की त्यांनाही तो आगाऊपणाच वाटला, आणि न्यायाधीशांच्या नजरेला तो न पडला तर बरं.

ताई हसली नाही. तिने प्रत स्वतःकडे ओढून ते पहिले दोन शब्द पुन्हा वाचले.

हीच गोष्ट घरात दुसऱ्या रूपात कितीदा तरी सांगून झाली होती. ठिपक्या नवानवा ब्रश धरायला लागला होता तेव्हाची. एका चपलांच्या दुकानाचा बोर्ड होता. मालकाने कागदावर दुकानाचं नाव लिहून दिलं, त्याखाली 'ही ओळ मोठी करा' असं लिहिलं आणि पत्ता लिहिला. संध्याकाळी बोर्ड तयार. वर दुकानाचं नाव, खाली पत्ता, आणि मधोमध, लाल रंगात, काळी सावली देऊन, ऐटीत: ही ओळ मोठी करा. तो बोर्ड पाहून मालक आधी भडकला आणि मग इतका हसला की त्याने तो बोर्ड महिनाभर तसाच लावला. घरात पाहुणे आले की दादा ही गोष्ट सांगायचा, ठिपक्याचा खोडकरपणा म्हणून. ठिपक्या सगळ्यांबरोबर हसायचा, सगळ्यांत मोठ्याने.

फक्त वडील हसले नव्हते. त्या रात्री त्यांनी ताईला मागच्या खोलीत बोलावून सांगितलं होतं. अक्षरं याच्या डोळ्यांना दिसतात, पण याच्याशी बोलत नाहीत. शाळेत मार खाऊन खाऊन थकला, म्हणून काढला. चित्र म्हणून काहीही दे, हुबेहूब काढेल. तेव्हा यापुढे गिऱ्हाइकाचा कागद याच्या हाती थेट द्यायचा नाही. आपण पाटीवर खडूने नमुना लिहायचा, तेवढाच, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही, आणि तो त्याने उतरवायचा. वडील होते तोवर नमुने ते लिहीत. ते गेल्यावर खडू ताईकडे आला. कुणाला सांगणार नाही, असं तिने वडिलांना कबूल केलं होतं, आणि ठिपक्याशी तर या विषयावर एक शब्दही कधी बोलली नव्हती. त्याची गरजच पडत नसे. कुणी काही वाचायला पुढे केलं की ठिपक्या दोन्ही हात वर करून दाखवायचा: तूच वाच, माझे हात भरलेत. आणि ते भरलेले असतच. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याच्या नखांत निळा रंग होता.

तिथे हात स्वच्छ असणार, ताईच्या मनात आलं. तुरुंगात कुठला आलाय रंग. समोर साहेब, साहेबाने लिहिलेली चिठ्ठी, आणि हे दोन रिकामे, स्वच्छ हात. काय सांगणार होता तो?

खोक्यांचं काम आलं त्या आठवड्यात ताई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. नमुना तिने लिहिलेला नव्हता.

"ती मस्ती नाही," ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने खडूचं खोकं उघडलं, बंद केलं.

"त्याला वाचता येत नाही."

वकीलबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. दादाचा पाय शिडीवरून खाली आला. आई म्हणाली, काहीतरीच काय, त्याचे डोळे अधू होते म्हणून शाळा सुटली, डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुठल्या डॉक्टरांनी, ते ताईने विचारलं नाही. आईच्या आवाजात राग नव्हता, घाई होती, एखादं पांघरूण चटकन ओढून घ्यावं तशी. तेव्हा ताईला कळलं की हे आईला माहीत आहे, आणि आपल्याला माहीत आहे हे तिने स्वतःलाही कधी सांगितलेलं नाही.

ताईने थोडक्यात सगळं सांगितलं. वडील, खडू, चपलांचा बोर्ड. सांगता सांगता तिची नजर मधेच रेडिओकडे गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारीला हे असं, वकिलासमोर, चारचौघांत कळावं. आईच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने खुर्चीतूनच सुनेच्या दिशेने हात केला.

रेडिओ शर्टाची कॉलर अंगठ्याने सरळ करत होती.

"मला माहीत आहे, ताई," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, फार काही झालंच नसल्यासारखं. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. दोघं बसची वाट बघत उभी. बस आली, थांबली, निघून गेली. ती नवीन होती, कुठली बस ते तिला ठाऊक नव्हतं, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. आणि नवरा बसच्या पाटीकडे बघत होता, मान वाकडी करून. "म्हणाले, काय सुंदर 'र' काढलाय. गेली बस, आणि पाटी बघितली तर आमचीच होती." रेडिओ जराशी हसली. "पुढची बस आली तेव्हा मी पाटी मोठ्याने वाचली. त्यांनी लगेच हात केला. तेव्हापासून वाचते आहे."

ताईच्या डोळ्यांपुढून वर्षानुवर्षांचं वाचन गेलं. सकाळचा पेपर, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, भाजी निवडता निवडता. लग्नाच्या पत्रिका. गोळ्यांच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर. स्टेशनात, दवाखान्यात, बँकेत. आणि प्रत्येक ठिकाणी आपला तो बॅटरीचा विनोद.

"तुम्ही दोघं कधी बोललात यावर?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही. त्यांना वाटतं मला बडबडायची सवय आहे."

वकीलबाई आता वेगळ्याच माणसासारख्या बसल्या होत्या, पाठ ताठ, पेन हातात. त्या म्हणाल्या की हा मुद्दा असेल तर सगळी याचिकाच बदलते. वाचता न येणाऱ्याला कारणं तोंडी वाचून, समजावून सांगायला हवी होती. कुणीही ती सांगितली नाही. आणि ज्या पोचेवर सरकार उड्या मारतंय, तीच पोच आपली साक्षीदार. वाचता येणारा माणूस 'असे लिहा' उतरवून काढत नाही. फक्त एक आहे: हे त्याने स्वतः प्रतिज्ञेवर सांगायला हवं, आणि कोर्टात ते उघड वाचलं जाईल.

इथे घराचे दोन तट पडले. दादा म्हणाला, नाही. शहरभर आपले बोर्ड आहेत. उद्या पेपरात छापून आलं की अक्षरं काढणाऱ्यांच्या घरात निरक्षर माणूस, तर कोण पाय ठेवेल दुकानात? त्याच्या बोलण्यात दुकान जरा जास्तच येत होतं. खोकेवाल्याचं काम आपणच घेतलं होतं, हे तो तोंडाने म्हणत नव्हता, पण महिनाभर शटरं आणि कठडे रंगवत सुटला होता ते काय उगाच? एरवी दादाला फटकारणारी आई आज त्याच्या बाजूने गेली.

"लोक लबाड म्हणाले तर म्हणू देत," ती म्हणाली. "लबाडाला निदान डोकं असतं म्हणतात. माझ्या मुलाला अडाणी म्हणलेलं मला नाही चालणार. वर्षच आहे ना. जाईल."

"आई, तुमचं वर्ष वेगळं, माझं वेगळं," रेडिओ म्हणाली.

घरात आल्यापासून सासूला तिने दिलेलं हे पहिलं उत्तर. आई तिच्याकडे बघत राहिली. मग दादाला म्हणाली, उभा काय राहतोस खांबासारखा, वकीलबाईंना चहा तरी कर. दादाने मुकाट्याने पातेलं शोधलं. आईने हो म्हटलं नव्हतं. पण चहा करायला लावून दादाला चर्चेतून उठवलं, ते तिच्या हिशेबी हो म्हणण्यासारखंच होतं. ताईने तेवढं ओळखलं.

---

भेटीची खोली हिरवट रंगाची होती, आणि रंग वाईट लावला होता. ताईने आत शिरताच ते पाहिलं. कोपऱ्यांत ओघळ, खिडकीच्या काचेवर शिंतोडे. मधे टेबल, टेबलावर आडवी जाळी. वकीलबाईंनी खटपट करून घरच्यांची आणि वकिलाची भेट एकाच वेळी मिळवली होती. दारातल्या शिपायाला पर्सवरची पिवळी रेघ संशयास्पद वाटली, म्हणून त्याने पर्स दोनदा उलटी करून पाहिली.

ठिपक्या आला. बारीक झाला होता, पण ताईची नजर गेली ती त्याच्या हातांवर. जन्मात पहिल्यांदा ते तिला कोरे दिसले. नखं गुलाबी. दुसऱ्या कुणाचे तरी हात लावून आल्यासारखा तो बसला.

त्याने आईची चौकशी केली. पर्सवरची रेघ पाहून शटर कुणी रंगवलं असं विचारलं; घरी दादाने हे ऐकल्यावर कपाळाला हात लावला. मग वकीलबाईंनी पोचेचा विषय काढला आणि ताईने, जाळीच्या अगदी जवळ तोंड नेऊन, हळू आवाजात सांगितलं की 'असे लिहा' हे शब्द त्याने लिहायचे नव्हते.

ठिपक्याचे कान लाल झाले. वडील गेल्यापासून हे गुपित त्या दोघांमध्ये होतं, आणि आज पहिल्यांदा त्याला शब्द फुटले होते.

"तू सांगितलंस यांना?"

"सांगितलं."

"आणि तिला?" त्याने बायकोकडे न बघता विचारलं. "तिला कशाला आणलंस मग? मी काढतो वर्ष. त्यात काय. लिहू नका तसलं काही."

वकीलबाईंनी समजावलं, ताईने समजावलं. तो मान हलवत राहिला. गुन्हेगार म्हणवून घ्यायला त्याची हरकत नव्हती. त्यातून सुटता येतं, तो म्हणाला, न्यायाधीश म्हणतात निर्दोष, की झालं. दुसऱ्यातून कोण सोडवणार? बायकोला जन्मभर फसवलं म्हणेल ती.

रेडिओने इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. ती त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे एक पत्र्याची पाटी होती.

"भेटीस येणाऱ्यांसाठी सूचना," तिने वाचलं. "कैद्यास कोणतीही वस्तू देऊ नये. जाळीस हात लावू नये. मोठ्याने बोलू नये." हे शेवटचं तिने एवढ्या मोठ्याने वाचलं की शिपायाने वळून पाहिलं.

"अगं, हळू," ठिपक्या सवयीने म्हणाला. "किती वाचशील."

"लागेल तितकं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ नजर काढली नाही. अक्षर वाचता येत नसलं तरी हा चेहरा त्याला वाचता येत असावा.

"कधीपासून?"

"त्या बसपासून. तो 'र' होता ना, सुंदर."

ठिपक्याने दोन्ही हात वर केले, नेहमीसारखे, आणि ते रिकामे आहेत हे लक्षात आल्यावर परत मांडीवर ठेवले. ताईने मान फिरवून कोपऱ्यातले ओघळ मोजल्यासारखं केलं.

"वकीलबाई, ती कारणं द्या," रेडिओ म्हणाली. "अजून कुणी वाचून दाखवली नाहीत ना त्यांना? मी दाखवते."

तिने कागद उघडले आणि पेपर वाचावा तशी सुरुवात केली. सरकारी मराठी तिच्या जिभेला काही जड गेली नाही; औषधांच्या पाकिटांनी तिची जीभ घासून ठेवली होती. सदर इसम हा अमली पदार्थांच्या वाहतुकीत सक्रिय असून.

"सदर इसम कोण?" ठिपक्याने विचारलं.

"तुम्ही."

"बरं. वाच."

सदर इसमाच्या ताब्यातील गोदामात. सदर इसमाने जाणीवपूर्वक. ठिपक्या ऐकत होता, मान जराशी वाकडी, घरी सकाळी ऐकायचा तसा. एका पानावर ती अडखळली, कारण तिथे लिहिलेलं वाचून दाखवण्यासारखं नव्हतं, बघण्यासारखं होतं. 'काच आहे, जपून' असं खोक्यांवर रंगवलं होतं. पण ज्या खोक्यांत पूड निघाली, तेवढ्यांवरच 'जपुन' असं ऱ्हस्व उकाराने लिहिलं होतं. बाकी सगळ्यांवर दीर्घ. ही खूण सदर इसमाने मालाच्या ओळखीसाठी हेतुपुरस्सर केली, यावरून त्याचा सहभाग स्पष्ट होतो.

वकीलबाई म्हणाल्या की सगळा आदेश या एका उकारावर उभा आहे. या गमतीवर त्या कडवट हसल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवरून माणसं आत टाकायची झाली तर त्यांच्या कोर्टात कुणी उरणार नाही.

"थांबा," ठिपक्या म्हणाला. "दीर्घ म्हणजे काय?"

ताईने बोटाने टेबलावर दोन्ही काढून दाखवले. त्याने खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"ते होय! दोन नमुने होते. एकात पायाची शेपटी आत वळलेली, दुसऱ्यात बाहेर फेकलेली. मी विचारलं त्याला, दोन वेगळे का? तो म्हणाला, दोन गिऱ्हाइकं आहेत, आतली शेपटी या ढिगावर, बाहेरची त्या ढिगावर, उलटसुलट करू नकोस. मी कशाला करीन उलटसुलट?"

वकीलबाईंचं पेन थांबलं. "तो म्हणजे कोण? नमुने लिहिले कुणी?"

"खोकेवाल्याने. माझ्यासमोर, गोदामात. डावखुरा आहे तो. अक्षर मागे कललेलं, आणि हात पुसत गेल्याने शाई फासलेली. तो शाईचा फराटासुद्धा मी उतरवणार होतो, मग म्हटलं जाऊ दे." तो एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. "हे लिहिलंय त्यात? यासाठी धरलंय मला? मला वाटलं गोदामाच्या भाड्याचं काही असेल. एवढा गठ्ठा दिला, म्हणाले, सही कर. विचारलं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं की."

"कायदा तेच म्हणतो," वकीलबाई म्हणाल्या. त्या भराभर लिहायला लागल्या होत्या. हे उत्तर आजच सरकारकडे जाईल, त्या म्हणाल्या, आणि कोर्टातही. खटला चालायचा तो चालेल, तो काही यातून मिटत नाही. पण बाहेर राहून चालेल.

ताईच्या मनात आलं, त्या आठवड्यात काउंटरवर आपण असतो तर तो उकार पाहताक्षणी खडूने दुरुस्त केला असता, न विचारता. आणि पूड कुठल्या खोक्यात आहे ते खोकेवाल्यालाही कधी सापडलं नसतं. तिला एकदम हसू आलं. ते तिने खोकल्यावर नेलं.

वकीलबाईंनी मान वर केली. "पण हे उत्तर आत्ता का दिलंत, तेव्हा का नाही, असं सरकार विचारणार. त्याचं कारण मला लिहावं लागेल. लिहू?"

शिपायाने घड्याळाकडे पाहिलं आणि, का कोण जाणे, परत दाराबाहेर बघायला लागला. ठिपक्याने आपले कोरे हात जाळीजवळ टेबलावर ठेवले. रेडिओने जाळीस हात लावू नये ही सूचना नुकतीच वाचली होती, तरी लावला.

"लिहा," ठिपक्या म्हणाला. "पण ती ओळ मोठी करू नका."